डॉक्टर लेनर्ड कोलब्रुक : भाजलेल्यांचे कैवारी

चुलीपाशीं खेळतांना मूल भाजलें, ही वार्ता जेथें कधींच ऐकूं आली नाहीं असें गांव विरळाच. अशा जखमांसाठीं ज्यांनीं आपलें उतारवय वेंचिलें, त्या सद्गृहस्थांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

लेनर्ड कोलब्रुक ह्यांचा जन्म इंग्लंडांतील गिल्डफर्ड येथें १८८३ सालीं झाला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत ते वैद्यकी शिकले, व तेथेंच सर आल्मरॉथ राइट ह्यांच्या हाताखालीं सूक्ष्म जंतूंचा अभ्यास करूं लागले. त्या काळीं बाळंतज्वरानें पुष्कळ माता दगावत. स्ट्रेप्टोकॉकस नामक जंतू हें त्याचें मुख्य कारण. प्राँटोसिल ह्या नव्या औषधानें ह्या ज्वरास आळा बसतो, असें कोलब्रुक ह्यांनीं १९३६ सालीं दाखवून दिलें.

दुसऱ्या महायुद्धांत ते भाजलेल्या रोग्यांकडे वळले. १९४२ सालीं ग्लासगो येथें व पुढें बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयांत त्यांनीं हें काम केलें. तेथें तोच जुना वैरी त्यांस पुन्हां भेटला.

कातडी खोलवर जळाली म्हणजे ती आपोआप नीट भरून येत नाहीं. म्हणून शस्त्रवैद्य रोग्याच्या मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर बसवितात. आंब्याचें कलम जसें खुंटाचा रस मिळाला तरच जगतें, तसें हें कलमही जखमेंतील बारीक रक्तवाहिन्या त्यांत शिरल्या तरच जीव धरतें. परंतु जखमेंत हे जंतू असले, तर कलम नासून जातें; रोग्याच्या वेदना व्यर्थ होतात.

हे जंतू येतात कोठून? आगींतून नव्हे. ते मागाहून येतात: शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातांवरून, नाकाघशांतून, आणि पांघरुणें व पट्ट्या यांच्या धुळींतून. म्हणून कोलब्रुक ह्यांनीं पट्ट्या बदलण्यासाठीं गाळलेल्या हवेची निराळी खोली केली, व जखमेस उघडा हात लावूं दिला नाहीं. पेनिसिलिनचें मलम लावून त्यांनीं ह्या जंतूंचा पाडाव केला. सर्वच जंतू त्या मलमास वश झाले नाहींत. म्हणून स्वच्छतेचें महत्त्व कायमच राहिलें.

पण बरें करण्यापेक्षां भाजूंच न देणें श्रेष्ठ, हें त्यांनीं ओळखलें. कित्येक मुलें घरांतील उघड्या शेगडीनें भाजत. ह्यासाठीं ते निवृत्तीनंतरही झगडले, व १९५२ सालीं जाळीवांचून शेगड्या विकण्यास मनाई करणारा कायदा त्यांच्या देशांत झाला. १९६७ सालीं ते निवर्तले.

वाचकहो, चुलीस आडोसा करणें आपल्याही हातीं आहे. कोणी भाजल्यास जखमेवर शेण, माती अगर शाई लावूं नये. स्वच्छ थंड पाणी वीस मिनिटें ओतावें, धुतलेल्या फडक्यानें झांकावें, व रोग्यास दवाखान्यांत न्यावें. एवढ्यानेंही एखादें लेंकरूं वांचेल.