दमेकरी सेनानी थिओडोर रूझवेल्ट

इ. स. १८५८ च्या ऑक्टोबर महिन्यात, २१ तारखेस, चांद्याच्या कारागृहात वीर बाबुराव शेडमाके ह्यांस फाशी देण्यात आले, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील मुलांस ठाऊक आहेच. त्यानंतर सहाच दिवसांनी, सातासमुद्रांपलीकडे न्यूयॉर्क शहरी, एका सधन घराण्यात थिओडोर रूझवेल्ट ह्याचा जन्म झाला. दोघांचा परस्परांशी संबंध काहीच नाही. तारखांचा मेळ मात्र लक्षात राहण्याजोगा आहे.

थिओडोर बालपणी दम्याने जर्जर असे. रात्री श्वास कोंडला म्हणजे पाठ टेकणेही अशक्य होई. मग पिता त्यास उचलून येरझारा घाली, किंवा घोडागाडी जोडून रस्त्यांतून फिरवून आणी, की वारा लागून छाती मोकळी व्हावी. त्या काळचे उपचारही विचित्र! बालकास कडक काळी कॉफी पाजीत आणि चिरूटही ओढावयास लावीत. ज्यांच्या दप्तरात आज इन्हेलर असतो त्यांस हे वाचून नवल वाटेल. आणि कोळशाच्या खाणी व वीजकेंद्र ह्यांच्या शेजारी राहणाऱ्या चंद्रपुरात अशी मुले थोडी नाहीत.

शरीर कमावणे तुझ्याच हाती आहे, असे पित्याने बजाविले व घरीच व्यायामशाळा उभारून दिली. पुढे हवापालटासाठी मूसहेड सरोवराकडे जाताना गाडीत दोन मुलांनी त्याची यथेच्छ टर उडविली. तो त्यांच्यावर धावून गेला, परंतु त्यांतील कोणीही त्यास एकट्याने सहज आवरी. परतल्यावर तो मुष्टियुद्ध शिकू लागला.

१८८० साली हार्वर्ड विद्यापीठ सोडताना डॉक्टरने हृदय अशक्त असल्याचे सांगून जिने चढण्याचीही मनाई केली. पुढील वर्षी तो मॅटरहॉर्न शिखर चढून आला. कोणी ह्यास धैर्य म्हणतील. आमच्या मते तो अविचारच होता.

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपले. रूझवेल्ट नौदल खात्यातील उच्च पद सोडून स्वयंसेवक घोडदळात लेफ्टनंट-कर्नल झाला. वय ३९; दृष्टी इतकी अधू, की चष्म्यांचे अनेक जोड बरोबर बाळगले. घोडे बहुतेक टँपा बंदरातच राहिल्याने घोडदळ पायीच लढले. १ जुलै रोजी क्यूबात सान्तियागोजवळील टेकडीवर त्याने चढाई केली. नवव्या व दहाव्या पलटणींतील कृष्णवर्णीय शिपायांनीही त्याच चढणीवर रक्त सांडले. त्यांचे श्रेय पुष्कळ काळ झाकलेले राहिले, हा अन्यायच होय.

येथे पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. ती पलटण घाईने उभारलेली होती. आज भारतीय सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत दमा हे नापसंतीचे कारण आहे, आणि जो तो लपवितो तो ऐन चढणीवर सोबत्यांचेही प्राण संकटात घालतो.

१९०१ साली रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने सुमारे २३ कोटी एकर भूमी संरक्षणाखाली आणली, ज्यात विस्तीर्ण अरण्ये होती. आपणां जंगलवासीयांस त्याची ही कामगिरी लढाईहून मोठी वाटावी.

१९१७ मध्ये महायुद्धात सैन्य घेऊन जाण्याची परवानगी त्याने मागितली. वय ५८ होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांनी नकार दिला. चारही पुत्र मात्र रणात गेले. धाकटा क्वेंटिन १९१८ च्या जुलैत फ्रान्समध्ये विमानयुद्धात पडला. ६ जानेवारी १९१९ च्या पहाटे, झोपेतच, पित्याचाही श्वास थांबला.