नळदुर्गचा महादेवबाबा

(बी. ए., द्वितीय वर्ष)

आमचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात राहतो. ती वाट मला लहानपणापासून पाठ आहे. पण त्याच नळदुर्गात बसून एका गोऱ्या अंमलदाराने आपल्या भागाचा कारभार केला, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. म्हणूनच की काय, कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या या माणसाचे चरित्र मला जवळचे वाटले.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. १८२४ साली, मिसरूड फुटण्याच्या वयात, ते एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईला आले. पाहतात तो पेढीची घडी विसकटलेली! मग निजामाच्या फौजेत जागा मिळाली. मोजणी, कायदा, चित्रकला, इथल्या भाषा हे सारे ते काम करता करता शिकले. ठगांच्या जीवनावरील त्यांची कादंबरी १८३९ साली इंग्लंडमध्ये गाजली. १८४१ पासून ते सुरापूर संस्थानात होते. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनीकडे सोपवला, तेव्हा नळदुर्ग जिल्हा त्यांच्या हाती आला. येथे त्यांनी रस्ते केले, जमिनीची मोजणी केली. मेडोज हे नाव लोकांच्या तोंडी बसेना, म्हणून लोकांनी त्यांचा महादेवबाबा करून टाकला.

त्या काळच्या बहुतेक अंमलदारांप्रमाणे टेलर यांनाही शिकारीची आवड होती. तो जमाना ठासणीच्या बंदुकीचा. गावचा शिकारी जळत्या जामगीची तोड्याची बंदूक वापरी. साहेबाच्या बंदुकीला तांब्याची टोपी असे. परंतु आपल्या उघड्या माळावरचे काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या गोळीचा पन्नास-साठ पावलांपलीकडे नेम धरता येत नाही. छर्रे तित्तिरासाठी ठीक. हरणाला ते नुसते जखमी करतात आणि ते बिचारे कुठेतरी झुडपात जाऊन तडफडत मरते. म्हणून जाणता शिकारी हरणासाठी नळीत आतून पीळ पाडलेली रायफल निवडी. एका पौंड शिशाच्या जितक्या गोळ्या होतील, तो नळीचा आकडा; सोळा नंबरची गोळी सुमारे २८ ग्रॅमची. आधी मापून दारू ओतायची, मग चरबी लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून गजाने घट्ट ठासायची. चिंधीमुळे गोळी पिळाला धरून फिरत जाते व सरळ जाते. दारू सर्दावली की सारे फुकट. एक बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत कळप दिसेनासा होई. तेव्हा पहिलाच नेम खरा.

शिकाऱ्याच्या हातातली ही चरबी कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. परंतु पिळाच्या नळीची एनफिल्ड रायफल शिपायांच्या हाती आली, तिची चरबी लावलेली काडतुसे दातांनी फोडायची असे ठरले, आणि १८५७ चा वणवा पेटला. यंत्राची गरज यंत्राच्या जागी बरोबर होती. पण ती कोणाच्या तोंडात जाणार आहे, याचा विचार राज्यकर्त्यांनी केला नाही. वणव्याला कारणे पुष्कळ होती. ठिणगी मात्र ही होती. त्याच वर्षी टेलर यांना वऱ्हाडात पाठवले गेले. हाताशी गोरी फौज नसताना त्यांनी तो प्रांत शांत ठेवला.

सुरापुरात मात्र त्यांना यश आले नाही. ज्या बाळराजाला, व्यंकटप्पा नायकाला, त्यांनी मुलासारखे वाढवले आणि जो त्यांना अप्पा म्हणे, तो १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठला. पकडला गेल्यावर टेलर त्याला तुरुंगात भेटले. फाशी टळली, शिक्षा कमी झाली. पण कैदेत नेताना वाटेतच एका अधिकाऱ्याच्या पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. राजाला जीव लावणारा माणूस आणि राजाला कैद करणारी सत्ता, दोन्ही टेलरच होते. आपण त्यांना बाबा म्हणालो तरी ते सत्तेचे नोकर होते, हे विसरून चालणार नाही.

१८६० मध्ये ते मायदेशी परतले. १८६३ साली त्यांची तारा ही कादंबरी आली. तिची नायिका आपल्या तुळजापूरची. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

आज हरणाची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र पीक खाल्ले गेले की शेतकऱ्याच्या घरी जो हिशोब होतो, तोही खरा आहे. हे दोन्ही एकदम कोणी लिहायचे? तुळजापूरची कथा एका परक्याने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिली. मित्रहो, माळ आपला, काळवीट आपले, शेतही आपले. तेव्हा यापुढचे लिहिणे आपल्याकडेच येते.