पंडिता रमाबाई आणि त्यांची मनो

रॉचेस्टर शहराच्या पश्चिमेला, गाडीने वीसेक मिनिटांवर, नॉर्थ चिली नावाचं गाव आहे. स्पेलिंग आपल्या मिरचीच्या चिलीचं, पण इथले लोक उच्चार करतात 'चाय-लाय'. प्रोजेक्टच्या निमित्ताने त्या भागात माझं काही महिने येणं-जाणं होतं. तिथे जे कॉलेज आहे त्याचं पूर्वीचं नाव चेसब्रो सेमिनरी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, कोणतंही महाराष्ट्र मंडळ नव्हतं, गणपती नव्हता, पटेल ब्रदर्स नव्हतं, तेव्हा या बर्फाळ गावात एक मराठी बोलणारी मुलगी शिकत होती. तिचं नाव मनोरमा मेधावी. आई पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातले दोन-तीन परिच्छेद आठवतात. संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, मग ख्रिस्ती झाल्या. बस्स! 'ख्रिस्ती झाल्या' या दोन शब्दांपाशी आपल्याकडे बहुतेकांचं कुतूहल संपतं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर माणूस, इतिहासावर लिहायचा मला काही अधिकार नाही. पण इथल्या लायब्ररीतून त्यांच्या पत्रव्यवहाराचा जाडजूड ग्रंथ मागवला, आणि त्यात एक आई भेटली. आपल्या मुलीचं देवाशी नातं खरं असावं, पोपटपंची नसावी, यासाठी प्रार्थना करणारी आणि प्रसंगी भांडणारी आई. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना ती ओळखीची वाटेल.

सुरुवात मात्र मनोपासून नाही, मनोच्या आजोबांपासून करायला हवी. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, हट्टी गृहस्थ. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. मग लोक बोलू लागले आणि ते सरळ सह्याद्रीच्या रानात गंगामूळला जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. गावोगाव पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. १८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. भीक मागायची नाही, मजुरी करायची सवय नाही, होतं नव्हतं ते दानधर्मात गेलेलं. शेवटी अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. सगळ्यांचा निरोप घेताना त्यांनी धाकट्या रमेला जवळ ओढलं. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. आपण तुझ्यावर किती प्रेम केलं, तुला कसं शिकवलं, हे विसरू नकोस, सन्मार्ग सोडू नकोस, आयुष्यभर देवाची सेवा कर, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. समाधी टळली, पण काही दिवसांतच ते गेले. पाठोपाठ आई गेली, बहीण गेली.

रमाबाईंनी हे सगळं पुढे ख्रिस्ती झाल्यावर, वयाच्या पन्नाशीच्या आसपास लिहून ठेवलंय. वडिलांचा धर्म त्यांनी सोडला. पण ते शेवटचं सांगणं त्यांनी सोडलं नाही, उलट जन्मभर वागवलं. मला स्वतःला वाटतं की मनोसाठी त्या ज्या प्रार्थना करायच्या त्यांचं मूळ इंग्लंडमध्ये नाही, या प्रसंगात आहे.

पुढचा भाग भराभर सांगतो. भाऊ श्रीनिवास आणि रमा हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. तिचं नाव मनोरमा. ती वर्षाची व्हायच्या आतच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. कडेवर मूल घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून मनोला घेऊन इंग्लंडच्या बोटीत बसल्या.

इंग्लंडमध्ये वाँटेज नावाच्या गावी अँग्लिकन नन्सच्या मठात त्यांची सोय झाली. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि अडीच वर्षांची लेक, दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात खळबळ माजली. जोतीराव फुल्यांसारखे थोडे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले, बाकी सगळीकडून टीका.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, ख्रिस्ती झाल्या म्हणजे मिशनऱ्यांनी सांगितलं ते ऐकत बसल्या असतील. छे! पत्रं वाचा. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. घरात त्यांना चक्क 'आजीबाई' म्हणायचे. त्या आजीबाईंशी रमाबाईंचे वर्षानुवर्षं खटके उडाले. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं का? लॅटिन जास्त पवित्र आणि संस्कृत कमी, असं कोणी ठरवलं? पुडिंगमध्ये अंडं आहे, मी खाणार नाही. (ख्रिस्ती झाल्यावरही त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या.) चर्चचे सगळे सिद्धांत त्यांना पटत नव्हते. ट्रिनिटी, म्हणजे देवाचं त्रैरूप, त्यावर त्यांचे प्रश्न होते, आणि ते त्या उघड विचारायच्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकत. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील जरा समजूतदार होत्या, यांना आपला वेळ घेऊ द्या असं त्यांचं मत. आजीबाईंना ते मानवायचं नाही.

आणि या भांडणात सगळ्यात नाजूक मुद्दा होता छोटी मनो. चेल्टनहॅमच्या दिवसांत आई तिकडे आणि मनो मठात असं चालायचं. तिला कोणी आणि काय शिकवायचं? सिस्टर जेराल्डीनचं म्हणणं सरळ होतं. मुलीचा बाप्तिस्मा झालाय, तिला चर्चची शिकवण पूर्ण आणि बिनशंका मिळाली पाहिजे, आईच्या शंका तिच्या वाट्याला नकोत. रमाबाईंचं म्हणणं, जे मला स्वतःला पटलेलं नाही ते माझ्या मुलीकडून घोकून घेऊ नका. तिच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी माझी आहे. आणि दुसरं, तिला इंग्रज बनवू नका. ती आपल्या देशाची, आपल्या माणसांतली राहिली पाहिजे, तिला त्यांची लाज वाटता कामा नये.

हे वाचताना मी दोन मिनिटं पुस्तक मिटून ठेवलं. रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आपण पालक दुसरं काय बोलतो हो? मुलं आरती पाठ म्हणतात, टाळ्यांचा ठेकाही बरोबर धरतात, पण त्यात त्यांचं मन आहे का? आणि मन नसेल तर ते घालायचं कसं? घोकंपट्टी तर करून घेता येते. रमाबाईंच्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बुद्धीला हा फरक स्वच्छ दिसत होता, आणि तोही ज्यांच्या आश्रयाला आपण राहतो, ज्यांचं अन्न खातो त्यांच्याशी वाद घालताना.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत आल्या त्या नातेवाईक असलेल्या आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ बघायला. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो झाला, तेव्हा मनोही बरोबर होती. काही महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षं राहिल्या आणि मनोला मात्र परत इंग्लंडला पाठवावं लागलं. ते त्यांना किती जड गेलं असेल! पण गावोगाव भाषणं, रेल्वेचे प्रवास, पुस्तक लिहिणं, यात पाच वर्षांचं मूल कुठे सांभाळणार? डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं पैसे देण्याचं कबूल केलं. या मुक्कामावर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत एक अख्खं पुस्तक काढलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावं असं आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. अट अशी की शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं होती. सुरुवातीच्या मुलींतली गोदूबाई म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, म्हणजे शाळा किती उपयोगी पडत होती ते समजेल.

याच काळात रमाबाईंच्या स्वतःच्या आत काहीतरी घडत होतं. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. ते वाचून त्यांना जाणवलं की आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला खरा, पण ख्रिस्त स्वतः आपल्याला भेटलेलाच नाही. हे सगळं जग ज्यांना 'धर्मांतरित' म्हणून शिव्या घालत होतं, त्या बाईने स्वतःबद्दल केलेलं निदान आहे. प्रोग्रॅम इन्स्टॉल झालाय पण कधी रनच केला नाही, असं काहीसं. (माफ करा, धंद्याची सवय.)

त्यानंतर त्यांची प्रार्थना बदलली. त्या सकाळी आपल्या खोलीत मनोला घेऊन प्रार्थनेला बसत. मनो तेव्हा दहा-बारा वर्षांची. मायलेकींची खाजगी प्रार्थना, त्यांच्याच खोलीत, त्यांच्या भाषेत. फक्त खोलीचं दार उघडं असायचं. हळूहळू सदनातल्या काही मुली येऊन बसायला लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही.

याच्यावरून १८९३ मध्ये पुण्यात रण माजलं. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, पालक धावत आले, वीस-पंचवीस मुलींना काढून नेलं. ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. विश्वासाने मुली पाठवलेल्या, अट ठरलेली, आणि ज्या बाईंच्या हाती आपलं अन्न-वस्त्र-शिक्षण त्यांच्या खोलीत एखादी बालविधवा जाऊन बसते, तेव्हा ती नक्की स्वतःच्या मर्जीने जाते का, हा प्रश्न आजही रास्त आहे. रमाबाईंची बाजू अशी की मी कुणाला धर्म शिकवत नाही, पण माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करताना मी दार लावून चोरासारखी बसणार नाही. इतर मुलींची आई ती मीच. जे स्वातंत्र्य मनोला, ते त्यांना. तोडगा एवढाच होता, एक कडी लावायची. त्यांनी ती लावली नाही, आणि पुण्यातला होता नव्हता तो पाठिंबा गमावला.

पुढे १८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती शिबिर होतं. पहाटे रानात एकट्या बसून त्यांनी हिशोब केला. तोवर पंधरा मुली मनापासून ख्रिस्ताकडे वळल्या होत्या. त्यांनी देवाकडे मागणं मागितलं की पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस. गणिती भाषेत केलेली प्रार्थना मी तरी दुसरी ऐकलेली नाही! लगेच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळातून आलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि तीनशेच्या आसपास मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून पुणे-दौंड लाइनवर केडगावच्या शेतावर सोय केली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या धामधुमीत मनो आधी इंग्लंडला आणि मग आपल्या नॉर्थ चिलीला शिकत होती. १८९८ मध्ये बोस्टनच्या असोसिएशनची दहा वर्षं संपली, तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेत आल्या. मनो सतरा वर्षांची झाली होती. इंग्लंड-अमेरिकेत वाढलेली, फर्डं इंग्रजी बोलणारी मुलगी. तिला इथे राहता आलं असतं. ती केडगावला गेली. आईच्या शाळेचा कारभार हातात घेतला, मिशनसाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत हिंडली, आणि १९१३ मध्ये गुलबर्ग्याला मुलींची शाळा सुरू केली. लग्न केलं नाही. वाँटेजमध्ये जिच्यावरून एवढी पत्रापत्री झाली, तिच्या आईला हवं होतं ते उत्तर तिने असं वागून दिलं.

रमाबाईंचं मन मात्र आकड्यांवर समाधान मानणारं नव्हतं. बाप्तिस्मा झाला म्हणजे झालं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून खोटं ठाऊक होतं. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोजची एक खास प्रार्थना सुरू केली. ती इतर धर्मीयांसाठी नव्हती. नावापुरते ख्रिस्ती असलेले सगळे, आणि त्यात आपणही, खरोखर देवाकडे वळावेत म्हणून ती होती. सत्तर जणी बसल्या. जूनपर्यंत त्या पाचशेच्या वर गेल्या, आणि मग रडणं, पश्चात्ताप, तासन् तास एकत्र मोठ्याने प्रार्थना असं जे काही सुरू झालं त्याची बातमी जगभर गेली. त्याचं काय करायचं ते माझ्यासारख्याला नीट कळत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

त्यांचं शेवटचं मोठं काम बायबलचं. त्या वेळचं मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून साधं मराठी भाषांतर करायला बसल्या. एकटीने, वर्षानुवर्षं. ज्या बाईने संस्कृतात पंडितांना गप्प केलं तिने ठरवून सोपे शब्द शोधले, कारण मुलींनी ते पाठ म्हणू नये, वाचून समजून घ्यावं.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात गेल्या. वय चाळीस. पुढे संस्था तीच चालवणार असं सगळे धरून चालले होते. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले, प्रकृती ढासळलेली. त्या पुन्हा टेबलाशी बसल्या आणि उरलेलं भाषांतर पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती छापखान्यात छापून झालं. तिथलं खिळे जुळवण्याचं काम मुलींनीच केलं होतं.