कर्नल सी. के. नायडू

आपल्या वऱ्हाडास लागूनच असलेल्या नागपूर शहरी ता. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म झाला. शाळेत असतानाच त्यांचे क्रिकेटमधील नैपुण्य दिसून आले. परंतु त्या काळी केवळ खेळावर पोट भरत नसे. गुणी खेळाडूने नोकरी सांभाळून खेळावे, नाही तर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय शोधावा, हेच दोन मार्ग होते.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघातर्फे ते प्रथम उतरले, तेव्हा सात गडी बाद झाले होते. तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडविले. चौथ्यावर मात्र षट्कार मारिला. आधी पारख, मग प्रहार! आयुष्याचा निर्णयही तसाच झाला. सात वर्षे मोठ्या सामन्यांत गुण कसास लागल्यावर १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते जन्मभूमी सोडून इंदुरास गेले व तेथील सैन्यात अधिकारी झाले.

१९२६ साली एम. सी. सी. विरुद्ध त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढिल्या. त्यांत ११ षट्कार होते. १९३२ साली लॉर्ड्स येथे हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचे ते नायक होते. हात दुखावला असताही पहिल्या डावात संघातील सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. १९५६ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. ता. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरास ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, आवड आणि उपजीविका यांची ओढाताण तुमच्याही वाट्यास येईल. तेव्हा घाईने उडी घालू नका, आणि भिऊन मागेही सरू नका. आधी आपले बळ खऱ्या कसोटीस लावून पाहा.