दुखणं नेमकं कुठं असतं?

माझं गाव नातेपुते. आषाढी वारीत माउलींची पालखी आमच्याकडं मुक्कामाला असते. लहानपणी वारकऱ्यांचे पाय चेपताना तळव्यांवरचे फोड बघून मलाच कसंतरी व्हायचं. ते आजोबा मात्र हसत असायचे. इथं होस्टेलवर नवा बूट चावला तरी मी लेक्चर बुडवतो. असं का? उत्तर सापडलं डॉ. हेन्री बीचर यांच्याबद्दल वाचताना.

बीचर १९०४ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये जन्मले, पुढे हार्वर्डला भूलशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना ते विचारायचे, तर बहुतेकांना वेदनाशामक नकोच असायचं. जखम म्हणजे रणांगणातून सुटका! दुखणं जखमेच्या अर्थावरही ठरतं, हे त्यांनी ओळखलं.

१९५५ साली त्यांनी १५ अभ्यास एकत्र करून मांडलं, की सुमारे ३५ टक्के रुग्णांना खोट्या औषधानंही आराम पडतो. आपोआप बरं होणंही त्यात मोजलं गेल्यानं हा आकडा फुगला, असं नंतर दिसलं. पण सगळा भासही नव्हता. १९७६ साली बीचर वारले. १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. शरीरातल्या अफूसारख्या रसायनांचं काम अडवलं, तर तो आराम कमी झाला. उलटंही घडतं, लई दुखणार म्हटलं की जास्तच दुखतं.

१९६६ साली रुग्णांच्या जिवाशी, संमतीशी खेळणाऱ्या संशोधनाची २२ उदाहरणं याच बीचरांनी उघड केली. विश्वास फसवून मिळवायचा नसतो.

मित्रांनो, येत्या आषाढीला मी पाय चेपायला जाणार. मलम लावीनच, पण फोड बघून तोंड वाकडं करणार नाही.