पंचेचाळिशीत उभारलेले निशाण

आपल्याकडे चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणण्याची रीत आहे. चाळिशी लागली म्हणजे नजर मंदावली, आणि नजर मंदावली म्हणजे उमेदही ओसरली, असा अर्थ काढून आपण मोकळे होतो. उरलेले आयुष्य मुलांच्या शिक्षणाची काळजी करण्यात आणि प्रकृतीच्या कुरबुरी सांगण्यात घालवायचे असते, अशी आपली समजूत झालेली असते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या मनात असे विचार घोळत असतील, त्यांच्यासाठी आज आम्ही मुंबईच्या एका पारशी बाईंचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत. त्या म्हणजे मादाम भिकाईजी कामा.

भिकाईजींचा जन्म 24 सप्टेंबर 1861 रोजी मुंबईत झाला. वडील सोराबजी पटेल हे सधन गृहस्थ होते. अलेक्झांड्रा शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि 1885 साली रुस्तम कामा या वकिलांशी विवाह झाला. रुस्तम हे अवेस्तेचे नामवंत अभ्यासक खरशेटजी कामा यांचे चिरंजीव. सासर-माहेर दोन्ही तालेवार. पण पतीचा ओढा इंग्रजी राजवटीकडे आणि पत्नीचे मन देशकार्यात, त्यामुळे संसार काही जुळला नाही. चारचौघींप्रमाणे मन मारून राहिल्या असत्या, तर त्यांचे नाव आज कोणाला ठाऊक नसते.

1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळत होते. त्या वेळी पस्तिशीच्या भिकाईजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पथकातून रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. व्हायचे तेच झाले. प्लेगने त्यांनाही गाठले. जीव वाचला, पण शरीर पार खंगले, आणि पुढे 1902 साली त्यांना उपचारांसाठी विलायतेस पाठवण्यात आले. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. प्रकृती ढासळलेली, संसार विस्कटलेला आणि मुलूख परका. आयुष्य संपले असे म्हणायला आणखी काय हवे असते?

परंतु लंडनमध्ये वृद्ध दादाभाई नौरोजींच्या कामात त्या मदत करू लागल्या आणि तेथेच पंडित श्यामजी कृष्णवर्मांच्या मंडळींशी त्यांचा परिचय झाला. बऱ्या होऊन मायदेशी परतण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने अट घातली. राष्ट्रीय चळवळीत भाग घेणार नाही असे लिहून द्या, तरच हिंदुस्थानात पाऊल ठेवता येईल. भिकाईजींनी सही करण्याचे नाकारले. आरामासाठी आलेल्या बाई हद्दपार झाल्या. 1905 साली त्या पॅरिसला गेल्या आणि सरदारसिंह राणा आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पॅरिस इंडियन सोसायटी स्थापन केली.

यानंतरचा प्रसंग जर्मनीतला. ऑगस्ट 1907 मध्ये स्टुटगार्ट शहरी आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. देशोदेशींचे सुमारे नऊशे प्रतिनिधी जमले होते. त्यांत लेनिन होते, रोझा लक्झेंबर्ग होत्या, फ्रान्सचे जोरेस होते. 22 ऑगस्ट रोजी त्या सभेत साडी नेसलेल्या मादाम कामा उभ्या राहिल्या. इंग्रजी अंमलामुळे हिंदुस्थानची होणारी लूट आणि दुष्काळात होणारे जनतेचे हाल त्यांनी जगापुढे मांडले. मग त्यांनी हिरवा, केशरी आणि तांबडा अशा तीन पट्ट्यांचा ध्वज फडकवला. वरच्या पट्ट्यावर कमळे, मधल्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आणि खालच्यावर चंद्र-सूर्य होते. देशात असे निशाण लावले असते तर तुरुंग ठरलेला. त्या दिवशी त्यांना शेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता.

पुढची वर्षे धकाधकीची गेली. 1909 साली जिनिव्हाहून ‘वंदे मातरम्’ हे पत्र निघू लागले. 1910 साली मार्सेलिस येथे सावरकरांनी बोटीतून उडी घेतली आणि ते पुन्हा पकडले गेले, तेव्हा फ्रेंच वृत्तपत्रांतून ते प्रकरण लावून धरण्यात बाईंनी पुढाकार घेतला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचा मित्र असलेल्या फ्रान्सने त्यांना स्थानबद्ध केले.

येथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते. पण शेवट सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. 1935 साली अर्धांगवायूने जर्जर झालेल्या या वृद्धेने, मरण मायदेशी यावे एवढ्यासाठी, जी अट तीस वर्षांपूर्वी धुडकावली होती तीच मान्य केली. नोव्हेंबरात त्या मुंबईस आल्या आणि 13 ऑगस्ट 1936 रोजी पारशी जनरल हॉस्पिटलात त्यांनी डोळे मिटले. काहींना ती सही पराभव वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या अटीसाठी तेहतीस वर्षे घर पाहिले नाही, त्या अटीची किंमत त्यांनी आधीच पुरेपूर मोजली होती.

आमच्या मते या चरित्रात ध्यानात घेण्याजोगे हे आहे. प्लेगपासून स्टुटगार्टपर्यंत अकरा वर्षे गेली. नवे आयुष्य त्यांना एका रात्रीत गवसले नाही. आधी रोग्याची उशाशी बसून सेवा, मग दुसऱ्याच्या कामात मदत, आणि मग स्वतःचे काम, अशा पायऱ्यांनी ते आले. चाळिशीत आपल्याला कोणी परिषदेस बोलावणार नाही, हे खरे. पण उशाशी बसण्यासारखे कोणी ना कोणी प्रत्येकाच्या गल्लीत असतेच.

ते निशाण पुढे इंदुलाल याज्ञिकांनी हिंदुस्थानात आणले आणि पुण्यात केसरीवाड्यात ते जपून ठेवले गेले. सुट्टीत पुण्यास जाल तेव्हा मुलांना घेऊन तेथे जरूर जा. आणि ते निशाण उभारणाऱ्या बाईंचे वय तेव्हा किती होते, तेही त्यांना सांगा.