मेम्फिसला गेलेले डॉ. किंग

मार्टिन ल्यूथर किंग म्हटलं की वॉशिंग्टनचं १९६३ चं भाषण आठवतं. वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी कुणीतरी ते म्हणतंच. पण त्यांचा शेवटचा लढा एका महापालिकेच्या सफाई खात्यातला होता. आज त्याबद्दल थोडं.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, अटलांटा शहरातला. वडील बाप्टिस्ट चर्चचे पास्टर, मुलगाही त्याच वाटेने गेला. १९५५ मध्ये बॉस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू झाला. ३८१ दिवस तिथले काळे लोक बसमध्ये चढले नाहीत. या लढ्याचं नेतृत्व २६ वर्षांच्या किंग यांच्याकडे आलं. १९५९ मध्ये ते भारतात येऊन गेले. १९६४ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

आता मेम्फिसकडे येऊ. मिसिसिपी नदीकाठचं हे शहर टेनेसी राज्यात आहे. तिथे कचरा उचलणारे जवळजवळ सगळे काळे आणि त्यांच्यावरचे मुकादम गोरे. पगार इतका तुटपुंजा की दिवसभर राबूनही कित्येक कुटुंबं सरकारी मदतीवर जगत. पाऊस आला की काळ्या कामगारांना घरी पाठवायचे आणि त्यांची मजुरी बुडायची. मुकादमांचा पगार मात्र चालूच राहायचा.

१ फेब्रुवारी १९६८ ला असाच पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचरागाडीच्या मागच्या भागात आडोशाला थांबले. कचरा दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघेही त्यात चिरडून मेले. या गाड्यांबद्दल कामगारांच्या तक्रारी आधीपासून होत्या. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर आलेच नाहीत.

महापौर होते हेन्री लोब. एकेका कामगाराला भेटायला त्यांची हरकत नव्हती, पण युनियनशी लेखी करार करायला ते तयार नव्हते. पालिकेच्या नोकरांनी संप करणं बेकायदा आहे, हा त्यांचा मुद्दा. पगारवाढीइतकंच, किंबहुना जास्तच, घोडं अडलं ते दोन गोष्टींवर: युनियनला मान्यता आणि तिची वर्गणी पगारातून कापणं.

वरवर पाहता या कागदी गोष्टी वाटतात. पण एकटा माणूस गाडी खराब आहे म्हणून तक्रार घेऊन गेला, तर ती मुकादमाच्या मर्जीवर. मुकादमाने मनावर घेतलं नाही की संपलं, वर नोकरी जायची भीती. १९६३ मध्ये संघटना बांधायला निघालेल्या कामगारांना काढून टाकलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग खात्यात काय बिघडलंय हे वरच्यांना कळणार कसं? यात नुकसान कामगाराचं तर होतंच, पण खातंही सुधारत नाही.

किंग यांना मेम्फिसला बोलावलं जेम्स लॉसन या मेथडिस्ट पास्टरांनी. हे लॉसन १९५० च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी तिथे राहून अभ्यासला होता. किंग तेव्हा गरिबांच्या देशव्यापी मोहिमेच्या तयारीत होते, म्हणून सहकारी नको म्हणत होते. तरी ते गेले. १८ मार्चला हजारोंच्या सभेत बोलले. २८ मार्चच्या मोर्चात मात्र दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीने १६ वर्षांचा एक मुलगा गेला. अहिंसेवर उभं राहिलेलं सगळं काम पणाला लागलं. शांततेचा मोर्चा काढून दाखवायचाच, म्हणून ३ एप्रिलला किंग परत आले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या बाल्कनीत त्यांना गोळी घातली. वय ३९.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पत्नी कोरेटा त्याच शहरात हजारोंच्या मूक मोर्चाच्या पुढे चालल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पाठवलेल्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि १६ एप्रिलला करार झाला. युनियनला मान्यता मिळाली. वर्गणी पतसंस्थेमार्फत कापायची ठरली. पगार दोन टप्प्यांत तासाला १५ सेंट वाढला. बढती सेवाज्येष्ठतेप्रमाणे आणि तक्रारीसाठी ठरलेली पद्धत, हेही लिहून झालं. म्हणजे खात्यातली गोष्ट आता मुकादमाच्या मर्जीवर राहिली नाही, तिला कागद मिळाला.

सगळंच सुटलं असं नाही. निवृत्तीची सोय अपुरीच राहिली आणि कित्येक जण म्हातारपणीही काम करत राहिले. हयात असलेल्या संपकऱ्यांना शहराने अनुदान जाहीर केलं ते २०१७ मध्ये.

घंटागाडी आपल्याही दारात येते. तिच्यामागे चालणाऱ्या माणसाला गाडी बिघडलीय हे सांगायचं असेल तर त्याने कुणाकडे जायचं, आणि ते लिहून कोण घेतं? आपल्या पालिकेत हे एकदा विचारून बघा.